त्र्यंबकजी डेंगळे आणि गंगथडीतील भिल्लसंहार : इतिहासलेखनातील एका मौनाची चिकित्सा

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात अहेरगाव हे एक लहानसे गाव आहे. १८१८ च्या जून महिन्याच्या अखेरीस कॅप्टन स्वॅन्स्टन याने याच गावी त्र्यंबकजी डेंगळे यास पकडले आणि पेशवाईच्या अखेरच्या पर्वातील सर्वांत वादग्रस्त अधिकाऱ्याचा राजकीय जीवनक्रम संपुष्टात आला. त्याच्या उदयास्ताची कथा पुष्कळांनी सांगितली आहे. ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात ती सांगितली. बिशप हेबर याने आपल्या प्रवासवर्णनात तिचा एक अद्भुत भाग टिपून ठेवला. विसाव्या शतकात ना. सं. इनामदार यांनी ‘झेप’ या कादंबरीत तिला नायकाच्या चरित्राचे रूप दिले. दृष्टिकोन परस्परविरोधी असले तरी या परंपरेतील चर्चेचा मध्यबिंदू एकच राहिला आहे. तो म्हणजे १८१५ च्या आषाढात पंढरपुरास झालेला गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून. हा खून त्र्यंबकजीने करविला की नाही, करविला असल्यास बाजीरावाच्या आज्ञेने की स्वतःच्या बुद्धीने, आणि त्याचा उपयोग एल्फिन्स्टनने कोणत्या राजकीय हेतूने करून घेतला, या प्रश्नांवर दीडशे वर्षांहून अधिक काळ लेखणी झिजविली गेली आहे.

याच पुरुषाच्या नावाशी निगडित असलेली दुसरी एक घटना मात्र या चर्चेच्या कक्षेत क्वचितच येते. मुंबई इलाख्याच्या अहमदनगर गॅझेटियरमध्ये, जे १८८४ साली प्रसिद्ध झाले, तिच्यासाठी काही मोजकी वाक्ये खर्ची पडली आहेत. भिल्लांच्या दंग्यांचा बंदोबस्त करण्याची आज्ञा पेशव्याने त्र्यंबकजीस केली. त्याने ते काम करंभा गावचा पाटील नारोबा याजकडे सोपविले. पाच ते सहा हजार स्वार आणि मोठे पायदळ घेऊन नारोबाने गंगथडी, म्हणजे गोदावरीच्या दोन्ही तीरांचा मुलूख, साफ करण्यास आरंभ केला. आणि जेथे जेथे भिल्ल आढळले तेथे तेथे त्यांची कत्तल केली. पंधरा महिन्यांत १५,००० माणसे मारली गेल्याचे सांगतात, असे गॅझेटियर नोंदविते आणि पुढील विषयाकडे वळते.

एका विद्वान ब्राह्मण वकिलाच्या खुनासाठी ग्रंथांची प्रकरणे आणि हजारो भिल्लांसाठी जिल्ह्याच्या माहितीपुस्तकातील अर्धा परिच्छेद, ही विषमता केवळ साधनांच्या उपलब्धतेने स्पष्ट होत नाही. तिचे मूळ कथनाच्या रचनेतच शोधावे लागते.

त्र्यंबकजीच्या उदयाचे स्वरूप थोडक्यात सांगता येईल. संगमनेर भागातील निंबगाव जाळी हे त्याचे गाव. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकराने हडपसरजवळ पेशव्याच्या व शिंद्यांच्या सैन्याचा पराभव केला आणि बाजीराव महाडकडे निघून गेला. त्या धामधुमीत पुण्याशी पत्रांची ने-आण विलक्षण त्वरेने करणारा जासूद म्हणून त्र्यंबकजी धन्याच्या नजरेस आला. पुढील दहा-बारा वर्षांत तो खासगीतील विश्वासू सेवकाच्या पायरीवरून राज्यकारभाराच्या शिखरावर पोहोचला. खुश्रूशेट मोदी यांच्या हातून कर्नाटकाची सरसुभेदारी सुटून ती त्याच्याकडे आली. १८१४ साली गायकवाडांकडे असलेला अहमदाबादचा मक्ता संपला, तोही त्यालाच मिळाला. एल्फिन्स्टनजवळ त्याने उघडपणे असे सांगितले होते की धन्याची आज्ञा झाल्यास तो गोहत्याही करील. ग्रँट डफने ही गोष्ट त्याच्या उद्दामपणाचे उदाहरण म्हणून दिली आहे. मराठी वाचकास ती स्वामिनिष्ठेची पराकाष्ठा वाटणेही अशक्य नाही. वस्तुतः तीत एक तिसरा अर्थ आहे. आज्ञेच्या पलीकडे पाप-पुण्याचा विचारच करावयाचा नाही, हा अधिकाऱ्याचा धर्म तेथे स्पष्ट शब्दांत उच्चारला गेला आहे. ज्या समाजात गोहत्येहून मोठे पातक कल्पिता येत नव्हते त्या समाजात हे विधान करणाऱ्या अधिकाऱ्यास, रानातील माणसांविषयीची आज्ञा पाळताना अडखळण्याचे कारण उरत नाही.

गंगथडीतील घटना समजून घ्यावयाची तर तिच्या पूर्वीची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. येथे गॅझेटियरचा लेखक एक महत्त्वाची माहिती देतो, आणि ती देताना तिचे महत्त्व त्याच्या स्वतःच्याही पुरते ध्यानात आलेले दिसत नाही. १८०२ पूर्वी भिल्ल हे इतर रयतेबरोबर गावातच राहत असत आणि बहुतेक प्रत्येक गावाच्या राखणदारीचे काम त्यांच्याकडे असे. म्हणजे ‘चोर’ म्हणून ज्यांचा पुढे संहार झाला ते त्यापूर्वी चोरांपासून गावाचे रक्षण करणारे वतनी चाकर होते. घाटवाटांची राखण, गावची जागल, चोरीचा माग काढणे, या कामांबद्दल त्यांना धान्याच्या व पैशाच्या रूपाने हक्क मिळत. होळकराच्या स्वारीने गावे उजाड झाली. पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ पडला. गाव उठले की गावच्या हक्कांचा अर्थ उरत नाही. ज्याचा हक्क बुडाला तो राखणदार डोंगरात गेला, आणि ज्या वाटांची तो राखण करीत असे त्याच वाटांवर लूट करू लागला. या लुटीने रयत त्रस्त झाली होती, गावे जळाली होती, व्यापार थांबला होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पेशव्यांच्या अधिकाऱ्यांपुढे खरोखरीच एक प्रश्न होता. त्या प्रश्नाला दिलेले उत्तर हा येथील चर्चेचा विषय आहे.

पहिले उत्तर कोपरगावी दिले गेले. खानदेशचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने मनोहरगीर गोसावी या सरदाराच्या सल्ल्याने भिल्लांच्या मोठ्या समुदायास तेथे भेटीस बोलाविले, विश्वासघाताने त्यांना पकडले, आणि त्यांपैकी बहुतेकांना दोन विहिरींत टाकून मारले. गॅझेटियर जमलेल्यांची संख्या सात हजार देते आणि घटनेचा काळ १८०४ च्या सुमाराचा धरते. त्यानंतर धरणगाव, चाळीसगाव, अंतूर आणि कन्नड येथील हत्यांची वर्णने खानदेशच्या गॅझेटियरात आली आहेत. अंतूरच्या कड्यावरून शेकडो माणसे लोटून देण्यात आली. क्षमेचे वचन देऊन जमविलेल्यांची डोकी उडविली गेली. स्त्रिया व मुले यांच्याविषयी जे लिहिले आहे त्याची पुनरुक्ती करणे नको. या सर्व वर्णनांत एक तपशील मात्र निर्णायक महत्त्वाचा आहे. दंग्याच्या प्रदेशात सापडलेल्या भिल्लास कोणतीही चौकशी न करता फटके मारून फाशी देत असत. चौकशी नव्हती याचा अर्थ असा की चौकशी करण्याजोगा गुन्हाच विचाराधीन नव्हता. भिल्ल असणे एवढेच पुरेसे होते.

या मालिकेत त्र्यंबकजीच्या अधिकाराखाली झालेली मोहीम ही केवळ आणखी एक कत्तल नव्हे. कोपरगावचा प्रकार म्हणजे एका ठिकाणी, एका दिवसात केलेला विश्वासघात होता. गंगथडीची मोहीम पंधरा महिने चालली. तिला प्रदेश नेमून दिलेला होता, फौज नेमून दिलेली होती, तिचा खर्च कोणी तरी देत होता आणि तिच्या प्रगतीचे वर्तमान कोणाकडे तरी जात होते. क्षणिक क्रोध एवढा काळ टिकत नाही. पंधरा महिने कारभार टिकतो. म्हणूनच या घटनेचा विचार सेनापतीच्या क्रूरतेपेक्षा अधिकाऱ्याच्या कार्यपद्धतीच्या दिशेने करणे अधिक उचित ठरते.

दुसऱ्या बाजीरावाच्या राज्यात मक्त्याची पद्धत सर्वत्र पसरली होती. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात तिचे जे वर्णन केले आहे त्यात इंग्रजी पूर्वग्रह असला तरी मुख्य रूपरेषा खरी आहे. सुभ्याचा मक्ता दरबारी मोठी रक्कम कबूल करणाऱ्यास मिळे, तो आपल्या हाताखालील लोकांस पोटमक्ते देई, आणि ही साखळी थेट गावापर्यंत जाई. महसुलाबरोबर दिवाणी आणि फौजदारी अधिकारही याच साखळीने खाली उतरत. प्रत्येक पायरीवर वरच्यास केवळ फळाशी कर्तव्य असे. फळ कोणत्या उपायाने मिळविले याची विचारपूस वरचा करीत नसे आणि खालचा सांगत नसे. पेशवा ते त्र्यंबकजी, त्र्यंबकजी ते नारोबा, ही आज्ञेची साखळी नेमकी याच घडणीची आहे. संहाराचाही जणू पोटमक्ता देण्यात आला. या रचनेत पेशव्याने ‘बंदोबस्त करा’ एवढेच म्हटले असेल, त्र्यंबकजीने ‘मुलूख साफ करा’ एवढेच म्हटले असेल, आणि ‘भिल्ल दिसेल तेथे मारा’ हे शब्द फक्त शेवटच्या पायरीवर उच्चारले गेले असतील. तरीही जबाबदारीची वाटणी खालून वर जाताना कमी होत नाही. फौज देणारा, पंधरा महिने ती चालू ठेवणारा आणि ती थांबविण्याचा अधिकार असूनही न थांबविणारा अधिकारी हा त्या कृत्याचा कर्ता होय.

मराठी कागदपत्रांची भाषा या ठिकाणी विशेष बारकाईने वाचावी लागते. पेशवेकालीन पत्रव्यवहारात ‘पारिपत्य’ हा शब्द वारंवार येतो. चुकार चाकराचे पारिपत्य होते, बंडखोर सरदाराचे होते, परचक्राचे होते, तसेच भिल्लांचे व कोळ्यांचेही होते. दंड, तंबी, कैद, पराभव, शिरच्छेद आणि सरसकट कत्तल या सर्वांना हा एकच शब्द पुरतो. त्याची दुसरी जोड म्हणजे ‘बंदोबस्त’. या दोन शब्दांचा एक गुण असा की त्यांत मारला जाणारा माणूस दिसत नाही; दिसते ती कारभाराची पूर्तता. पारिपत्य जाहले, मुलकाचा बंदोबस्त जाहला, असे वाक्य वाचताना आजच्या अभ्यासकाचे डोळे पुढील ओळीकडे सरकतात, कारण ते वाक्य त्यासाठीच घडविलेले आहे. बखरींचे आणि पत्रांचे संस्कार घेऊन वाढलेल्या आधुनिक मराठी इतिहासलेखनाने हे शब्द जसेच्या तसे उचलले. ‘भिल्लांचे पारिपत्य’ हा उल्लेख एखाद्या सरदाराच्या कर्तबगारीच्या यादीत येतो, आणि तो कर्तबगारीच्या यादीत आला आहे हे कोणास खटकत नाही. साधनांची चिकित्सा म्हणजे केवळ तारखांची आणि अस्सलपणाची तपासणी नव्हे. शब्दांचीही तपासणी तीत अंतर्भूत होते.

त्र्यंबकजीचे पतन कसे झाले हे सुप्रसिद्ध आहे. गंगाधरशास्त्री हे बडोद्याचे वकील म्हणून, इंग्रजांच्या अभयवचनावर, पुण्यास आले होते. पंढरपुरास विठ्ठलाचे दर्शन घेऊन रात्री परतताना मारेकऱ्यांनी त्यांना तोडले. एल्फिन्स्टन त्या वेळी वेरूळच्या लेण्यांकडे गेला होता. तेथूनच त्याने पेशव्यास लिहिले आणि त्र्यंबकजीच्या अटकेची मागणी केली. बाजीरावाने त्यास प्रथम वसंतगडावर ठेवले, आणि अखेर १८१५ च्या सप्टेंबरात इंग्रजांच्या स्वाधीन केले. ठाण्याच्या किल्ल्यात तो वर्षभर कैदेत होता. इंग्रजांच्या मागणीत गंगथडीचा उल्लेख असण्याचे कारणच नव्हते. मारले गेलेले भिल्ल कोणाचेही वकील नव्हते आणि त्यांना कोणाचेही अभयवचन नव्हते. ज्यांच्या मृत्यूने कोणत्याही तहाचा भंग होत नाही त्यांच्या मृत्यूसाठी रेसिडेंट पत्र लिहीत नाही.

येथपर्यंत दोष इंग्रजांकडे जातो. परंतु पुढील पायरी मराठी अभ्यासकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. राष्ट्रीय वृत्तीच्या लेखकांनी त्र्यंबकजीची बाजू घेण्यास सुरुवात केली तेव्हा त्यांनी शास्त्र्यांच्या खुनाचा पुरावा तपासला, एल्फिन्स्टनचा स्वार्थ उघडा केला, आणि इंग्रजांचा धोका ओळखून त्यांच्याविरुद्ध उभा राहिलेला पुरुष म्हणून त्र्यंबकजीकडे पाहिले. यांपैकी बराच भाग न्याय्य आहे. एल्फिन्स्टन हा तटस्थ न्यायाधीश नव्हता. खुनाच्या निमित्ताने पेशव्यास जखडण्याची संधी त्याने साधली आणि १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहात तिची परिणती झाली. त्र्यंबकजीस कोणत्याही न्यायासनापुढे रीतसर उभे करण्यात आले नाही, हेही खरे. परंतु हा सारा बचाव इंग्रजांनी मांडलेल्या आरोपपत्राच्या चौकटीतच होतो. आरोप एकच, तो शास्त्र्यांच्या खुनाचा. तो शाबीत नाही. म्हणून आरोपी निर्दोष, आणि निर्दोष असून छळला गेला म्हणून तो वीर. आरोपपत्र कोणी लिहिले आणि त्यात काय लिहावयाचे राहिले, हा प्रश्न वसाहतवादाचे खंडन करणाऱ्यांनीच प्रथम विचारावयास हवा होता. त्यांनी शत्रूचा निष्कर्ष उलटा केला, शत्रूची मोजपट्टी मात्र कायम ठेवली.

‘झेप’चा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो. इतिहासाने बदनाम केलेल्या व्यक्तींना माणूस म्हणून पुन्हा उभे करणे ही इनामदारांच्या कादंबरीलेखनाची मूळ प्रेरणा. ‘मंत्रावेगळा’ या कादंबरीत त्यांनी खुद्द दुसऱ्या बाजीरावाच्या बाबतीतही तेच केले. ही प्रेरणा मोलाची आहे आणि तिने मराठी वाचकांची उत्तर पेशवाईविषयीची ठोकळेबाज समजूत हलविली, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. परंतु सामान्य घरातून आलेला जासूद कर्तृत्वाच्या बळावर वर चढतो, धन्यासाठी सर्वस्व पणास लावतो आणि शेवटी परकीय सत्तेकडून चिरडला जातो, या आकृतिबंधाची स्वतःची एक ओढ असते. शोकांतिकेच्या नायकाजवळ एक चूक असावी लागते. हजारोंचा संहार ही चूक या सदरात बसत नाही. तो कथेत पूर्ण वजनानिशी आला तर नायक नायक राहत नाही आणि कथा दुसऱ्याच कोणाची तरी होऊ लागते. म्हणून हा प्रश्न एका लेखकाच्या दृष्टीचा नसून ऐतिहासिक कादंबरी या वाङ्मयप्रकाराच्या मर्यादेचा आहे. चरित्रनायकाच्या खांद्यावरून पाहणाऱ्या कथनाला त्याच्या पायाखालचे दिसणे कठीण असते.

ठाण्याहून झालेल्या सुटकेची हकीकत या कथेतील सर्वांत लोकप्रिय भाग होय. किल्ल्यावरील पहारा गोऱ्या शिपायांचा होता. एक मराठा मोतद्दार घोड्याची निगा करीत खिडकीखाली गाणे म्हणत असे. पहारेकऱ्यांना ते निरर्थक वाटे, परंतु त्याच्या शब्दांतून सुटकेची सारी योजना कैद्यास कळविली जात होती. १८१६ च्या सप्टेंबरात, पावसाळी रात्री, त्र्यंबकजी निसटला. हेबरने १८२४ साली चुनारच्या किल्ल्यात त्यास कैदी म्हणून पाहिले आणि त्या गाण्याचा आशय आपल्या ग्रंथात इंग्रजी पद्यात उतरविला. जेत्यांच्या गोटातील एका धर्मगुरूला कैद्याच्या साहसाचे कौतुक वाटावे, यात नवल नाही. साहसकथेला पक्ष नसतो. मात्र या गाण्याने त्र्यंबकजीच्या स्मृतीला जे रूप दिले ते नंतरच्या सर्व लेखनाला व्यापून राहिले. एका बंदिवानाचे गाणे टिकले.

सुटकेनंतरचा भाग या गाण्यापेक्षा अधिक विचार करायला लावणारा आहे, आणि नेमका तोच घाईने ओलांडला जातो. ठाण्याहून निघालेला त्र्यंबकजी नाशिक, संगमनेर व खानदेशच्या डोंगराळ मुलखात आणि पुढे साताऱ्याच्या बाजूस महादेवाच्या डोंगरांत वावरत होता. पेशव्याने वरकरणी त्याच्या शिरावर दोन लक्ष रुपयांचे इनाम लावले होते. आतून त्यास पैसा पोहोचत होता. या काळात त्याने जी माणसे जमविली त्यांत रामोशी आणि मांग होते, तसेच भिल्लही होते. ज्या जमातीच्या पंधरा हजार माणसांच्या हत्येशी त्याचे नाव जोडले गेले आहे त्याच जमातीच्या डोंगरांत त्याने आसरा घेतला आणि तिच्यातील माणसे हाताशी धरली.

या विसंगतीची संगती कशी लावावयाची? एक उत्तर असे की संहाराची कथाच अतिशयोक्त आहे, अन्यथा भिल्लांनी त्यास थारा दिला नसता. हे उत्तर सोपे आहे, परंतु ते भिल्ल म्हणजे एका मनाचा, एका स्मृतीचा, एका नेतृत्वाखालील समुदाय होता असे गृहीत धरते. गंगथडीच्या मैदानी गावांतील जागले भिल्ल आणि सातमाळा व सातपुडा यांतील नाईकांच्या टोळ्या यांत मोठे अंतर होते. नाईकास द्रव्य आणि लुटीची संधी देणारा माणूस कोण हे पाहावे लागे. शिवाय इंग्रजांचे आगमन हे त्यालाही नवे संकट होते. दुसरी गोष्ट अशी की रानातील माणसांचा उपयोग दोन्ही तऱ्हांनी करणे हे त्या राज्यव्यवस्थेत नवीन नव्हते. ज्यांना शांततेच्या काळात राखणदार म्हणून ठेवावयाचे, अडचणीच्या काळात चोर म्हणून मारावयाचे, आणि गरज पडताच पुन्हा हत्यार म्हणून वापरावयाचे, अशा माणसांकडे त्र्यंबकजी परतला. त्यात पश्चात्ताप शोधणे भाबडेपणाचे ठरेल. सत्तेवर असताना आणि सत्तेतून फेकला गेल्यावर त्याची त्या माणसांकडे पाहण्याची दृष्टी एकच होती, एवढेच या घटनेवरून म्हणता येते.

या घटनेस ‘वंशसंहार’ ही संज्ञा लावावी की नाही, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. राफाएल लेम्किन या पोलिश कायदेपंडिताने ती संकल्पना १९४४ साली मांडली आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी तिला कराराचे रूप दिले. भारताने १९५९ साली त्यास मान्यता दिली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या घटनेस विसाव्या शतकातील शब्द लावणे हा कालविपर्यास आहे, असा आक्षेप येईल. आक्षेपात तथ्य आहे, आणि भिल्लांचा समूळ नाश करावा असे पेशवे दरबारचे एकसंध धोरण होते असे म्हणणे पुराव्याच्या पलीकडे जाणारे होईल. परंतु लेम्किनच्या व्याख्येचा गाभा व्यक्तीच्या अपराधाशी नव्हे तर तिच्या समूहाशी जोडलेला आहे. विशिष्ट प्रदेशात, विशिष्ट जमातीची माणसे, चौकशीवाचून, आढळतील तेथे मारावी, ही गंगथडीच्या मोहिमेची कार्यपद्धती त्या गाभ्याशी जुळते. संज्ञा वापरण्यास संकोच वाटला तरी तिने शिकविलेला प्रश्न वापरण्यास संकोच नसावा.

तो प्रश्न लेम्किनला विद्यार्थिदशेत पडला होता, आणि त्याचे निमित्त एका उच्च अधिकाऱ्याचेच पतन होते. आर्मेनियनांच्या संहारास जबाबदार असलेला तुर्की वजीर तलात पाशा १९२१ साली बर्लिनमध्ये एका आर्मेनियन तरुणाच्या गोळीस बळी पडला. एका माणसास मारणारा न्यायालयापुढे उभा राहतो आणि असंख्यांना मारणाऱ्यास कोणताच कायदा लागू होत नाही, हे कसे, असे लेम्किनने विचारले. त्र्यंबकजीच्या बाबतीत हीच विषमता एका माणसाच्या चरित्रात सामावलेली आहे. शास्त्री एक, आणि त्यांच्यासाठी ठाणे, पुण्याचा तह, युद्ध, चुनार; भिल्ल हजारो, आणि त्यांच्यासाठी काही नाही. ‘झेप’ मराठीत आली साधारण त्याच सुमारास, १९६३ साली, आइकमान खटल्यावरील हाना आरेंट यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि आज्ञाधारक अधिकाऱ्याच्या जबाबदारीचा वाद जगभर सुरू झाला. त्या वादाचे पडसाद मराठीतील ऐतिहासिक लेखनात त्या वेळी फारसे उमटले नाहीत. स्वामिनिष्ठा हा तेथे निर्विवाद सद्गुणच राहिला.

आता साधनांच्या विश्वसनीयतेविषयी. गॅझेटियर हे जेत्यांचे लेखन आहे. आधीच्या राजवटीची क्रूरता जितकी ठळक तितका इंग्रजी राज्याचा उपकार मोठा, हे त्यामागील गणित अभ्यासकाने विसरता कामा नये. १८१८ नंतर खानदेशात ब्रिग्ज व त्याचे सहकारी यांनी भिल्लांविरुद्ध जो बळाचा वापर केला त्याचे वर्णन करताना त्याच ग्रंथांची भाषा कशी सौम्य होते, हे ताडून पाहण्याजोगे आहे. १५,००० हा आकडाही ‘सांगतात’ या शब्दाच्या आधाराने दिलेला आहे आणि तो त्याच आधाराने घेतला पाहिजे. पण आकडा निम्मा वा चतुर्थांश धरला तरी मोहिमेचे स्वरूप बदलत नाही. आणि एक गोष्ट अशी की याच ग्रंथांतील गड, देवालये, दुष्काळ, वतने यांविषयीची माहिती मराठी संशोधकांनी निःशंकपणे स्वीकारली आहे. केवळ भिल्लांच्या कत्तलीपुरता त्यांचा अविश्वास जागा होत असेल, तर त्या अविश्वासाचेच परीक्षण केले पाहिजे.

इंग्रजी अंमलाच्या पुढील वर्षांत एक घटना घडली, जी या सर्व वादावर अप्रत्यक्ष प्रकाश टाकते. बळाने प्रश्न सुटत नाही असे दिसल्यावर मुंबई सरकारने १८२५ मध्ये खानदेशात भिल्लांसाठी स्वतंत्र एजन्सी स्थापिल्या. नाईकांना नेमणुका दिल्या, राखणदारीचे जुने हक्क ओळखले, पडीक जमिनी व तगाई देऊन लागवडीस लावले, आणि औट्रमने भिल्लांचीच एक पलटण उभी केली. यात परोपकार नव्हता. स्वस्तात शांतता विकत घेण्याचा तो व्यवहार होता. तथापि १८०२ पूर्वी गावगाड्यात जी व्यवस्था होती तिच्याशी त्याचे साम्य स्पष्ट आहे. ज्यांच्यावर उपाय म्हणून संहाराखेरीज दुसरे काही चालणार नाही असे पेशव्यांच्या अधिकाऱ्यांनी मानले होते, ती माणसे हक्क परत मिळताच पुन्हा राखणदार झाली. या पलटणीचे ठाणे धरणगावी होते. कोपरगाव आणि अंतूर यांच्या बरोबरीने संहाराची जी स्थाने गॅझेटियरमध्ये दिली आहेत, त्यांतीलच हे धरणगाव. त्र्यंबकजी त्या वेळी चुनारच्या किल्ल्यात होता. तेथेच १८२९ साली तो मरण पावला.